ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. डिझेल नेमकं कुठून शिरतंय?

सहासिलिंडर
मंडळी, ट्रक स्वतःचा आहे आणि चालवतोही मीच. सहा सिलिंडर, कॉमन रेल, चेंबरमध्ये १८ लिटर ऑइल बसतं. आजवर सगळ्यांना छाती फुगवून सांगायचो की माझी गाडी थेंबभर ऑइल खात नाही. एका ऑइल बदलीपासून दुसरीपर्यंत काठीवरची लेव्हल जागची हलायची नाही.

गेल्या तीन आठवड्यांत हीच लेव्हल वरच्या खुणेच्या पुढे अर्धं बोट गेली. मी ऑइल ओतलेलं नाही. काठी नाकाला लावली तर डिझेलचा भपका आला. बोटांत चोळलं तर तार धरत नाही, लगेच ओघळतं. इंजिन तापलं की आयडलिंगला प्रेशर दोन बारच्या आसपास असायचं, आता एकाच्याही खाली उतरतं. काल ऑइल काढलं. टाकलं होतं १८ लिटर, निघालं साडेवीस.

बाकी धूर नाही, पिकअप झकास. सकाळी सेल्फ जरा जास्त मारावा लागतो, एवढंच. दोन महिन्यांपूर्वी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही इंजेक्टर काढून टेस्टिंग बेंचवर तपासले होते, सगळे पास. तरी मिस्त्री म्हणतो, सहाही नवे टाका. टाकू का?

रात्रपाळी
बाकीचं नंतर. आधी गाडी उभी करा. लेव्हल इतकी वाढली की पातळ ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरची वाफ सोडणाऱ्या नळीतून, इंजिनच्या हवेच्या वाटेला ओढलं जातं आणि इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं. मग चावी बंद करूनही थांबत नाही. बेअरिंगचं तर विचारूच नका.

हिरवीकाठी
धुराचा फिल्टर आहे का गाडीला? तो जाळून साफ करताना काही इंजिनांत पॉवर स्ट्रोक संपल्यावर सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. जवळच्या फेऱ्या आणि तासन्‌तास आयडलिंग असेल तर हा त्रास जास्त. साफसफाई मध्येच तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सहासिलिंडर
फिल्टर आहे. पण माझी फेरी लांब पल्ल्याची, आणि साफसफाई पूर्वी जेवढ्या अंतराने व्हायची तेवढ्यानेच होतेय. आयडलिंगला गाडी ठेवायची सवयच नाही.

टॅपेट
मिस्त्रीला म्हणावं, जरा दम धर. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मला इंजेक्टरच्या टोकापासून लांब नेतात: धूर नाही आणि पिकअप झकास.

इंजेक्टरच्या टोकाचं नोझल गळत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये सांडतं आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली जातं. अडीच लिटर त्या वाटेने उतरलं असतं तर गाडीने बोंब मारली असती. पांढरा-काळा धूर, आयडलिंगला डुगडुग, एका सिलिंडरचा ठोका. तुमचं इंजिन खुशाल चाललंय, म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये न जाता थेट ऑइलमध्ये जातंय. अशा मुख्य जागा दोन. एक, टॅपेट कव्हरखाली इंजेक्टरच्या अंगावरची ओ-रिंग (रबरी कडं) किंवा रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या वाटेचा, जोड. दुसरी, हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टचं सील. पंप टायमिंग गिअरवर चालतो, सील गेलं की डिझेल तिथूनच चेंबरला.

इथे एक गल्लत नेहमी होते. इंजेक्टरच्या बुडाशी कॉपर वॉशर असतो. तो गेला तर सिलिंडरचा गॅस वर घुसतो. ज्या हेडमध्ये रिटर्नची वाट आतूनच आहे तिथे डिझेलमध्ये हवा होते. ऑइल वाढवायचं काम वरच्या ओ-रिंगचं. बेंचवर इंजेक्टर पास होतो तो एकटाच, त्याची ओ-रिंग हेडमध्ये कशी बसलीय ते बेंचला काय कळणार! आणि दोन महिन्यांपूर्वी ते काढले होते हे तुम्हीच लिहिलंय. माझा पहिला संशय तिथेच.

एकेक करून बघा. नवं ऑइल, नवा ऑइल फिल्टर. डिझेलच्या टाकीत चमकणारा रंग टाका, इंधनासाठीचाच. गाडी दोन-तीन तास लोडवर चालवा. मग बंद करून टॅपेट कव्हर उघडा आणि अंधारात निळ्या (यूव्ही) दिव्याने बघा. ऑइल स्वतःही थोडं निळसर चमकतं, त्याला फसू नका. रंग पिवळा-हिरवा दिसतो. सगळीकडेच पसरलेला असेल तर हेड पुसून कोरडं करा, रिटर्नची बाहेरची वाट बंद करा आणि हातपंपाच्या टेस्टरने डिझेलचंच एक-सव्वा बार प्रेशर द्या. दहा मिनिटं नुसतं बघत बसा. इंजेक्टर बसतो ती कुठलीतरी विहीर ओली होईल. नाही झाली, तर पंप उतरवायचा.

चालू इंजिनवर हाय प्रेशरचा पाइप सैल करून ‘बघू’ म्हणायचं नाही. हजार बारच्या वरची धार कातडीतून आत जाते, दिसते टाचणीएवढी आणि बोट कापायची वेळ येते.

रंग मिळेपर्यंत घरचा उपाय: काढलेल्या ऑइलचा थेंब टीपकागदावर टाका आणि रात्रभर राहू द्या. मधे काजळीचा काळा ठिपका, भोवती ऑइलचं कडं, आणि डिझेल असेल तर सगळ्यात बाहेर फिकट, पारदर्शक कडं.

बाकी तुमचं छाती फुगवणं. लोडवर चालणारं इंजिन थोडं तरी ऑइल खातंच. लेव्हल महिनोन्‌महिने जागेवर राहते तेव्हा जेवढं ऑइल जळतं तेवढंच डिझेल भरतंय का, हे बघावं.

सहासिलिंडर
सापडलं!

कव्हर उघडलं तर सगळीकडे हिरवं, काही उलगडेना. मग पुसून प्रेशर दिलं. चौथ्या मिनिटाला तीन नंबरच्या विहिरीच्या कडेवर एक रेघ आली, केसाएवढी. मग ती जाड झाली आणि हेडवरून हळू खाली सरकली. मी आणि मिस्त्री दोघंही गप्प.

इंजेक्टर काढला. ओ-रिंगचा कापलेल्या नखाएवढा तुकडा गायब. बसवताना काठावर चिरली असणार. मिस्त्रीने स्वतःच कबूल केलं की त्या दिवशी घाईत कोरडीच ढकलली होती. आता सहाही ओ-रिंगा आणि कॉपर वॉशर नवे, इंजेक्टर जुनेच. सकाळी अर्ध्या सेल्फला गाडी सुरू होते.

टॅपेट दादा, एक राहतंच. रिंग दोन महिन्यांपूर्वी चिरली, पण लेव्हल तर त्याआधीपासून हलत नव्हती. मग तेव्हा काय होतं?

टॅपेट
जुनी रिंग कडक होऊन थोडी झिरपत असेल, नवी एकदम कापली गेली. आता ते सिद्ध करता येणार नाही, रिंगा कचऱ्यात गेल्या. हे ऑइल दोनशे-तीनशे किलोमीटरवर काढून टाका, कानाकोपऱ्यातलं डिझेल त्यात आलेलं असेल. पुढच्या बदलीला नमुना लॅबला द्या. ४० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा १०० अंशाला १२.५ सेंटिस्टोकच्या खाली नसावा. आणि ऑइल फिल्टर कापून त्याच्या घडीत धातूची चकाकी दिसते का बघा. बेअरिंगचा निकाल तिथे लागेल.

सहासिलिंडर
फिल्टर कापला, घडीत चकाकी नाही. गरम आयडलिंगला प्रेशर पुन्हा दोनच्या जवळ. त्या ऑइल बदलीनंतर दोन हजार किलोमीटर झाले. आज सकाळी काठी काढली तर लेव्हल दोन-तीन मिलिमीटर खाली. पुन्हा पुसून बघितली. खालीच. क्लीनरला हाक मारून दाखवली, त्याला कळेना की ऑइल कमी झालं तर मालक हसतोय कशाला.