माठातील पाणी नागपुरात गार, रत्नागिरीत कोमट का?

प्रश्न (इयत्ता दहावी): उन्हाळ्यात नागपुरात हवा जास्त तापते, तरीही तिथल्या माठातील पाणी रत्नागिरीतील माठापेक्षा अधिक गार लागते. असे का होते?

उत्तर १: माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होताना लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते, म्हणून ते थंड होते. कोकणातील हवेत आधीच भरपूर बाष्प असल्यामुळे ही क्रिया मंदावते. नवा माठ बाहेरून ओलसर दिसतो, तो याच पाझरण्यामुळे.

उत्तर २: वरील उत्तर योग्य आहे, आकडे जोडतो. हवा 40 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेले बाष्प) 20 टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी फार तर 22 अंशांच्या आसपास उतरू शकते. 32 अंश व 75 टक्के असताना ही मर्यादा सुमारे 28 अंशांवरच येते. प्रत्यक्षात माठ या मर्यादेपर्यंत सहसा पोहोचत नाही.

प्रश्नकर्ता: परंतु अप्रकट उष्मा (तापमान न बदलता पाण्याची वाफ होताना शोषली जाणारी उष्णता) तर उकळतानाच लागतो ना?

उत्तर २: नाही. पाठ्यपुस्तकातील 540 कॅलरी प्रतिग्रॅम हे मूल्य 100 अंशांचे आहे. 30 अंशांना तर प्रत्येक ग्रॅमला त्याहून जास्त, सुमारे 580 कॅलरी लागतात.

उत्तर ३: माठाला बाहेरून तैलरंग मात्र देऊ नये, छिद्रे बुजतात.