आगमनकाळ म्हणजे ट्रॅफिक सिग्नल नव्हे

कोरा_कागद
काल 'सकाळचं_वाचन' यांची पोस्ट आली, खाली हात जोडलेल्यांची रांग लागली, म्हणून शेवटी लिहायला बसलो. ज्यांची सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोजच्या मिस्सेचं (कॅथलिक उपासनेचं) बायबलमधलं वाचन उघडा, त्यातली एक ओळ उचला, तो देवाने आज खास तुम्हाला धाडलेला मेसेज समजा आणि दिवसभर पुरवा. सणांचंही तेच. आगमनकाळ (नाताळआधीचा वाट बघण्याचा काळ) म्हणजे सिग्नलला उभं असताना चिडायचं नाही, प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस) म्हणजे मोबाईलचा उपवास, ईस्टर म्हणजे मनाचं रीस्टार्ट.

अहो, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, कशाचं असतं? रविवारची वाचनं तीन वर्षांनी फिरतात; अ वर्ष घ्या, ब घ्या, क घ्या, तिन्हीकडे मनुष्याचा पुत्र येणार, कधी ते माहीत नाही, जागे राहा. गोठा नाही, बाळ नाही, तारा नाही. सिग्नल दीड मिनिटात सुटतो हो, आणि वर आकडे उलटे मोजून दाखवतो. वाट बघणं म्हणजे कधी सुटेल ते माहीत नसणं.

आणि ती पोस्टमधली यिर्मया २९:११, 'तुमच्याबद्दलचे माझे बेत भल्याचे आहेत'. मगवर, वॉलपेपरवर, रिझल्टच्या आदल्या दिवशी. तिच्या वरचीच ओळ वाचा. बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन, असं आहे तिथे. सत्तर! बाबेलला कैद करून नेलेल्या ज्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याचं हे पत्र गेलं त्यातले बहुतेक परत जायच्या आतच मेले असणार. पत्राचा रोख असा की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, इथेच राहायचंय. तुम्ही त्याचं 'इंटरव्ह्यूला यश मिळेल' केलंत.

सकाळचं_वाचन
पोस्ट माझीच, म्हणून मीच उत्तर देते. मला सकाळी दहा मिनिटं मिळतात. दोन मुलं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आठ चाळीसची गाडी. या दहा मिनिटांत मी बाबेलचा इतिहास काढून बसू का? एक ओळ घेते, ती दिवसभर चघळते. दुपारी कोणावर खेकसायला तोंड उघडलं की ती आठवते, कधीकधी तोंड मिटतं. यात कोणाचं काय गेलं?

आणि संदर्भ संदर्भ काय लावलंय. ३८६ साली, पुढे संत झालेला ऑगस्टिन बागेत रडत बसला होता, 'घे आणि वाच' असा आवाज ऐकला, पोथी उघडली आणि जिथे पहिली नजर पडली ते वाचलं. रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय. वरची ओळ कोणती, पत्र कोणाला, काही बघितलं नाही, आयुष्य बदललं. इजिप्तचा संत अँथनी तर नुसता चर्चमध्ये शिरला, तेव्हा वाचन चाललं होतं, 'जा, तुझं असेल ते विकून गोरगरिबांना दे', आणि त्याने जमीन देऊन टाकली. 'हे त्या श्रीमंत तरुणाला म्हटलंय, तुला नाही' असं सांगायला तिथे कोणी कोरा कागद नव्हता, नशीब.

कोरा_कागद
शेवटचं वाक्य झोंबलं, चांगलं होतं. पण उदाहरणं माझ्याच बाजूची दिलीत. ऑगस्टिनला जी ओळ मिळाली ती रंगेलपणा आणि भांडणं सोड अशी होती, नेमकी त्याला नको असलेली. अँथनीला जमीन सोडावी लागली. तुमच्या पोस्टीतल्या सगळ्या ओळींत तुम्हाला नको असलेली एक तरी होती का? सगळीकडून देव तुम्हाला 'छान चाललंय, असंच चालू दे' म्हणत असेल तर तो देव आहे का आरसा, एवढंच विचारतोय.

ताल_चुकला
एक ओळ की दहा ओळी हे नंतर ठरवा, आधी रविवारी ऐकू तरी येतं का? आमच्याकडे पहिलं वाचन करणारा ते पान पहिल्यांदा माईकसमोर बघतो. आणि प्रतिसाद स्तोत्र तर गेलंच! त्या जागी गायकवृंद आपलं आवडतं गाणं ठोकतो, सहा कडवी, कीबोर्डसकट. स्तोत्र हेसुद्धा देववचन आहे, ते पहिल्या वाचनाशी जुळवून ठेवलेलं असतं, फिलर म्हणून नाही. मी बोललो तर मला गायकवृंदातूनच काढलं. कारण असं दिलं की माझा ताल चुकतो.

तिसरा_बाक
ताल दादा, तुमचा विषय दर धाग्यावर येतो 😄

शंकासुर
मोबाईल उपवासावर माझे दोन शब्द. चर्चने सक्तीचे उपवास ठेवलेत फक्त दोन, राखेचा बुधवार (प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, तेही १८ ते ५९ वयाला. बाकी चाळीस दिवस जमवायला बुधवारपासूनचे सेहेचाळीस मोजून त्यातले सहा रविवार वजा करायचे. एवढी सवलत असताना लोक उपवास करतात इन्स्टाचा आणि तो इन्स्टावरच जाहीर करतात. राखेच्या बुधवारी शुभवर्तमान काय असतं? मत्तय ६. उपास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कोणाला कळू देऊ नका. ते ऐकायचं, लगेच कपाळावर राख लावून घ्यायची आणि सेल्फी. मला वर्षातली सगळ्यात विनोदी मिस्सा तीच वाटते.

तिसरा_बाक
सेल्फीपुरतं मान्य. पण रोजच्या जगण्यात वचन उतरतं की नाही यावर तुम्ही सगळे नुसते पुस्तकी बोलताय. माझी आजी निरक्षर होती. तिला मंदिराच्या पेटीत दोन टोल्या, म्हणजे होती नव्हती ती नाणी, टाकणारी शुभवर्तमानातली विधवा तेवढी पाठ होती. नवीन चर्च बांधायला निघालं तेव्हा तिने कानातलं काढून दिलं, होतं नव्हतं ते एकच. मी रडलो, ती हसत होती. म्हणाली, तिने दोन दिले मी पण दोनच दिले. हे आहे वचन जगणं. संदर्भ नाही, तळटीप नाही.

कोरा_कागद
आजीबद्दल मनापासून आदर. पण मार्कच्या शुभवर्तमानात, १२व्या अध्यायात, विधवा येते ४१व्या ओळीपासून. ४०वी काय आहे? शास्त्र्यांपासून सावध राहा, ते विधवांची घरं गिळंकृत करतात. लगेच पुढे एक विधवा येते आणि आपलं सगळं मंदिराच्या पेटीत टाकते. आणि १३व्या अध्यायाच्या सुरुवातीला येशू त्याच मंदिराबद्दल म्हणतो, इथे दगडावर दगड राहणार नाही. आता सांगा, तो तिचं कौतुक करतोय की घर कसं गिळलं जातं ते शिष्यांना बोट दाखवून दाखवतोय? 'तुम्हीही असंच करा' हे वाक्य तिथे कुठेच नाही. हवं तर शोधा.

तिसरा_बाक
वा. म्हणजे माझ्या आजीला लुबाडलं असं म्हणायचंय तुम्हाला. सरळ म्हणा ना.

शंकासुर
तुमच्या आजीचं माहीत नाही, माझ्या आईचं सांगतो. याच उताऱ्यावरचं प्रवचन ऐकून आली आणि बाबांच्या मागे राहिलेली ठेव मोडून दिली. मला कळलं दोन वर्षांनी, डोळ्याच्या ऑपरेशनला पैसे बघायला गेलो तेव्हा. कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे तिने मला दहा वेळा सांगितलं. प्रवचन देणारे फादर भले माणूस होते, आता नाहीत. पण मी त्या दिवसापासून एकच विचारतोय, ती विधवा दुसऱ्या दिवशी जेवली का? शुभवर्तमानात नाही ते. प्रवचनात पण कधी नसतं.

तिसरा_बाक
वाईट वाटलं वाचून. पण तुमच्या आईचा राग तुम्ही उताऱ्यावर काढताय. येशू स्पष्ट म्हणतो, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. ही निंदा आहे? आणि त्या रविवारी पहिलं वाचन कुठलं लावलंय बघा, १ राजे १७, सारफथची विधवा. मूठभर पीठ आणि जरासं तेल, त्यातलं आधी एलिया संदेष्ट्याला दिलं आणि पीठ सरलं नाही. वाचनं जुळवणाऱ्यांना पण हे दान म्हणूनच दिसलं ना? की त्यांच्यापेक्षा तुम्ही दोघे शहाणे? अजून एक, मूळ ग्रीकमध्ये शब्द 'बिओस' आहे, उपजीविका आणि जीवन दोन्ही. तिने जीवन टाकलं. आणि पुढे तीन अध्यायांत येशू काय करतो? तेच. ती त्याची सावली आहे, तुमच्या ऑडिट रिपोर्टमधली केस नाही.

कोरा_कागद
'बिओस' मला सुचलं नव्हतं. घ्या, एक गुण तुम्हाला. पण सारफथच्या गोष्टीत देव तिचं मडकं भरत राहतो, हो ना? इथे पेटीने त्या बाईला काय परत दिलं? आणि आजीचं म्हणाल तर, आजीने दिलं ते सोनंच होतं, प्रश्न घेणाऱ्याला आहे. विधवेकडे बघून शिकायचं असेल तर देणाऱ्यांनी जरूर शिकावं, पण पेटी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी ४०वी ओळ वाचावी. हे दोन्ही एकत्र का नाही चालणार?

तिसरा_बाक
चालेल. पण तुम्ही सुरुवात 'दोन्ही'पासून केली नव्हतीत, आजीला लुबाडण्यापासून केली होतीत.

पत्रकवाली
मी इथे नुसती वाचत असते, आज बोलावं लागतंय. आमच्या धर्मग्रामाचं (चर्चच्या विभागाचं) रविवारचं पत्रक मी टाईप करते, बरीच वर्षं. हा उतारा ब वर्षात सामान्यकाळाच्या (सणांचे काळ सोडून उरलेल्या वर्षाच्या) ३२व्या रविवारी येतो. वाचनांच्या पुस्तकात त्याला दोन पर्याय छापलेत. लांब म्हणजे १२:३८ ते ४४, आखूड म्हणजे ४१ ते ४४. मी आत्ता जुन्या फाईली उघडून बघितल्या. दर वेळी आखूड टाकलंय. विधवा आहे, शास्त्री नाहीत. फादरनी सांगितलं नव्हतं, कोणीच नव्हतं सांगितलं. पानावर बसतं म्हणून. आणि पत्रकात जे असतं तेच पुढे वाचलं जातं.

शंकासुर
तीन ओळी!! वाचायला अर्धं मिनिट लागत नाही. बाकी घोषणा दहा मिनिटं चालतात.

ताल_चुकला
आणि गाण्याची सहा कडवी.

कोरा_कागद
ताई, तुमच्यावर राग नाही, पण हे वाचून मी खुर्चीतून उठलो. १९६९ आधी रविवारी एकाच वर्षाची वाचनं फिरून फिरून यायची. शास्त्राचा खजिना लोकांसाठी जास्त उघडा असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं म्हणून ही तीन वर्षांची माळ गुंफली गेली. आणि आपण पानावर बसतं म्हणून विधवेच्या मागचे चोर कापतो. यातच माझी मूळ तक्रार आली. एक ओळ उचलणं आणि आखूड पर्याय, दोन्हीत गैरसोयीचंच गळतं.

सकाळचं_वाचन
मी दोन तास गप्प बसून हे वाचतेय. म्हणजे तुमचं म्हणणं एवढंच की वरच्या तीन ओळी वाचा. त्यासाठी मला आरसा बिरसा म्हणायची गरज होती? बरं, वाचीन. दहाची बारा मिनिटं होतील, गाडी तुम्ही थांबवा.

आणि नको असलेली ओळ विचारलीत ना. माझे वडील आयसीयूत होते, बाहेर बाकावर रात्री दीडला मी तुम्हाला चीड येते तसंच केलं, डोळे मिटून बायबल उघडलं. स्तोत्र ८८. बाकीच्या बहुतेक रडगाण्यांत शेवटी तरी 'तरीही मी तुझी स्तुती करीन' येतं, यात येत नाही. अंधारावर संपतं. मला इतका राग आला, पान फाडावंसं वाटलं. मग तेच परत वाचलं, पाचसहा वेळा. कोणीतरी हे लिहून ठेवलंय आणि कोणी ते काढून टाकलं नाही, एवढाच आधार होता त्या रात्री. बाबा पहाटे गेले. हे मी पोस्टमध्ये टाकत नाही, सकाळी सातला कोणाला हवं असतं? सिग्नलचं टाकते. सिग्नल सगळ्यांना असतो.

तिसरा_बाक
ताई, धर्मगुरू आणि व्रतस्थ दर शुक्रवारी झोपण्याआधीच्या प्रार्थनेत हेच स्तोत्र म्हणतात. दर शुक्रवारी. तुम्ही चुकून उघडलंत असं नाही.

कोरा_कागद
हे त्या पोस्टमध्ये असतं तर मी हा धागा काढलाच नसता. पवित्र शनिवार, गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधला दिवस, आहे हा. दिवसभर मिस्सा नाही, वेदी उघडी, काही घडत नाही, आणि तरी तो कॅलेंडरमध्ये आहे. आगमनकाळाबद्दल मला हेच म्हणायचं होतं, माझ्याकडून सिग्नलवर राग काढण्यात राहिलं. आरसा शब्द मागे घेतो. यिर्मया घेत नाही.

सकाळचं_वाचन
यिर्मया ठेवा. सत्तर वर्षांचं मला खरंच माहीत नव्हतं. पण एक सांगू, वर्षात सणांचे काळ सोडले तर उरतात ते सामान्यकाळाचे तेहेतीस-चौतीस आठवडे. त्यांना नाव पण नाही, नुसते नंबर. लोक बहुतेक त्यातच जगतात. त्यांना सिग्नलवर काहीतरी लागतं. तुम्ही सगळे पवित्र शनिवार पकडून बसू नका.

शंकासुर
हे मात्र बरोबर बोलल्या. नाइलाजाने लाईक.

पत्रकवाली
पुढच्या ब वर्षाच्या फाईलीत आत्ताच लांब उतारा टाकून ठेवला. छापील आठ ओळी जास्त झाल्या. वाढदिवसांची यादी बारीक टायपात घेतली तर बसतंय. फादरना विचारावं लागेल, पण ज्यांचे वाढदिवस आहेत ते आधी भांडायला येतील.

ताल_चुकला
ताई, हात लागलाच आहे तर स्तोत्र पण पूर्ण छापा. पत्रकात असलं की गायकवृंदाला टाळता येत नाही.