लॅपटॉपवर नीट बसलेलं पान फोनवर का विस्कटतं? (एलिमेंटर, पहिलाच प्रयत्न)

गिरगावची_पेटी:
नमस्कार. माझे बाबा तीसेक वर्षं गिरगावात पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करतात. भात्याची गळती बंद करणं, स्वर लावणं, पावसाळ्यात फुगून अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या करणं, सगळं बाहेरच्या खोलीत बसून. गणपतीआधी भजनी मंडळं बरोबर शोधत येतात, पण नवीन माणसाला पत्ता सापडत नाही. म्हणून मी एका पानाची वेबसाइट करायला घेतली. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर एलिमेंटर (पान माउसने मांडायचं जोड-साधन) बसवलं, व्हिडिओ बघत शनिवार-रविवार घालवले. डावीकडे बाबांचा फोटो, उजवीकडे मजकूर, खाली कामांची यादी आणि नंबर. लॅपटॉपवर अगदी मनासारखं जमलं.

काल चर्नी रोडला उतरल्यावर फोनवर उघडलं, तर फोटो अर्धा पडद्याबाहेर, मजकूर त्याच्यावर चढलेला आणि नंबर दिसतच नाही. मग एलिमेंटरमध्ये फोनचं दृश्य लावून सगळं सरकवून नीट केलं, तर लॅपटॉपवरचं बिघडलं. असं दोनदा झालं. गुरुवारी बाबांना दाखवायचं कबूल केलंय. माझं नेमकं कुठे चुकतंय?

जुना_जुळारी:
ताई, फोटोवर क्लिक करा, डावीकडे 'ॲडव्हान्स्ड' टॅब उघडा. पोझिशन 'ॲब्सोल्यूट' आहे का? किंवा मार्जिनमध्ये (वस्तूभोवती सोडायची जागा) उणे आकडे दिसतात का? बहुतेक दोन्हींतलं एक असणार.

मी छापखान्यात पानं लावायचो, म्हणून तुमची चूक मला ओळखीची आहे. आमच्याकडे कागदाची रुंदी आधी ठरलेली असायची. चित्र डावीकडून अमुक अंतरावर चिकटवलं की ते तिथेच राहायचं. वेबच्या पानाला रुंदी ठरलेली नसते. तुमच्या लॅपटॉपवर ती चौदाशे पिक्सेल असेल, फोनवर चारशेच्याही आत. तुम्ही फोटोला 'इथेच थांब' सांगितलंत, पण ती जागा फोनवर उरलीच नाही. इथे वस्तू हव्या तिथे चिकटवायची नाही, खोके मांडायचे आणि वस्तू खोक्यात ठेवायच्या. त्या खोक्याला एलिमेंटर 'कंटेनर' म्हणतं. (जुन्या व्हिडिओंत 'सेक्शन' आणि 'कॉलम' दिसतील, तो आधीचा प्रकार.)

आधी फोटोची पोझिशन परत 'डीफॉल्ट' करा आणि उणे मार्जिन पुसा. पान वेडंवाकडं दिसेल, घाबरू नका. मग एक मोठा कंटेनर घ्या, दिशा आडवी, आणि त्याच्या आत दोन छोटे: एकात फोटो, दुसऱ्यात मजकूर. त्यांच्या रुंद्या पिक्सेलमध्ये देऊ नका, टक्क्यांत द्या, ४० आणि ६० म्हणा. दोघांमध्ये मोकळी जागा हवी असेल तर मोठ्या कंटेनरचा 'गॅप' वाढवा, त्यासाठी मार्जिन वापरू नका.

आता फोनचं दृश्य. एखाद्या सेटिंगशेजारी पडद्याचं छोटं चिन्ह असेल तर तेवढंच प्रत्येक आकारासाठी वेगळं ठेवता येतं. तिथे मोठ्या पडद्यावरचं मूल्य टॅब्लेटवर उतरतं, टॅब्लेटवरचं फोनवर. खालून वर काही जात नाही. म्हणून आधी लॅपटॉपचं पूर्ण करा, मग टॅब्लेट, शेवटी फोन. फोनसाठी दोन्ही छोट्या कंटेनरांची रुंदी १०० टक्के करा आणि मोठ्याची दिशा उभी, की फोटो वर आणि मजकूर खाली येईल. पण एखादा घटक उचलून दुसरीकडे टाकलात तर तो सगळ्याच दृश्यांत हलतो. तुमचं दोनदा बिघडलं ते त्यामुळे.

आणि 'हिस्टरी'मध्ये 'रिव्हिजन्स' बघा. आधी जतन केलेली पानं तिथून परत आणता येतात. प्रत्येक मोठ्या बदलाआधी जतन करत चला.

मुलुंड_लोकल:
काकांनी सांगितलं ते करच. मी फक्त अक्षरांबद्दल सांगते, कारण मराठी पानात हमखास तिथेच खटकतं. तू फॉन्ट बदलला नसशील तर तो 'रोबोटो' असेल, आणि त्यात देवनागरी नाहीच. मग प्रत्येक यंत्र स्वतःकडचा कुठला तरी फॉन्ट लावतं, त्यामुळे लॅपटॉपवर एक आणि फोनवर दुसरंच दिसतं. 'साइट सेटिंग्ज'मध्ये जाऊन ग्लोबल फॉन्ट 'मुक्त' कर. आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलाय, फुकट आहे आणि बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो. शीर्षकाला 'बालू २' छान दिसेल.

शीर्षकाची 'लाइन हाइट' (ओळीची उंची) १ असते. इंग्रजीला ती पुरते, पण आपल्या वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना जाऊन भिडतात. १.४ कर. आणि 'लेटर स्पेसिंग' (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेव. जरा वाढवलंस की शिरोरेषा तुटते, अक्षरं सुटी सुटी लटकतात. 'पेटी' हा शब्द तसा बघवणार नाही.

परळ_पोस्ट:
फोनमधून काढलेले फोटो सरळ चढवले असतील तर एकेक चार-पाच एमबीचा असेल. १६०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून २०० केबीच्या आसपास आणा. आणि नंबर नुसता लिहू नका, बटण करा. लिंकच्या जागी 'टेल' हे इंग्रजीत, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग अधिक ९१ आणि नंबर. बोट लावलं की फोन लागेल.

गिरगावची_पेटी:
फोटो 'ॲब्सोल्यूट'च होता, आणि मजकुराला उणे १२० मार्जिन! सगळं पुसून पुन्हा मांडलं, दोन तास लागले. फोनवर आता फोटो, मजकूर, यादी, बटण असं ओळीने येतं. 'मुक्त' लावल्यावर यादीतलं 'स्वर लावणे' मला पहिल्यांदा नीट वाचता आलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

बाबांना आजच दाखवलं. त्यांनी फोटो लगेच बदलायला लावला, स्वतःचा नको, उघड्या पेटीचा हवा, आतले पितळी स्वर दिसतील असा. आणि म्हणाले, लोक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन जिने चढून येतात आणि परत जातात, त्यांची फेरी वाचव. ते कुठे लिहू? यादीच्या शेवटी?

जुना_जुळारी:
शेवटी नको, तिथपर्यंत कुणी वाचत नाही. शीर्षकाच्या लगेच खाली एका ओळीत लिहा, 'फक्त हातपेटी आणि पायपेटी'. फोनवर ती ओळ बटणाच्या आधी दिसते ना, तेवढं बघून घ्या. बाबांना नमस्कार सांगा.