समर्पण म्हणजे निष्क्रियता नव्हे

देवाच्या इच्छेला शरण गेल्यावर माणसाने स्वतः काही ठरवू नये, हे या चर्चेत मांडले गेलेले मत मला पटत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही प्याला (म्हणजे पुढ्यात आलेले दुःख व मरण) टळावा ही विनंती आधी स्पष्टपणे केली आणि मगच ती पित्याच्या इच्छेखाली ठेवली. समाजसुधारक व ख्रिस्ती सेविका पंडिता रमाबाईंचा उल्लेख या चर्चेत अद्याप कोणी केला नाही, याचे थोडे आश्चर्य वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली त्यांनी आणल्या, त्या खर्चाची तरतूद देव करील या भरवशावर. मात्र त्याच रमाबाईंनी पुण्याजवळच्या केडगावला विहिरी खणवल्या, शेती उभी केली, मुलींना विणकाम व छपाई शिकवली आणि बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यासही केला.