मदत हवी आहे : एडा ब्लॅकजॅकची डायरी कुणी पाहिली आहे का?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातल्या मुलींसाठी एडा ब्लॅकजॅकवर लिहिते आहे. अलास्कातल्या इन्युपियात या मूळ रहिवासी समाजातली ही बाई. मुलाला क्षयरोग, उपचाराला पैसे नाहीत, म्हणून 1921 मध्ये चार पुरुषांच्या मोहिमेबरोबर सैबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल या बर्फाळ बेटावर शिवणकामाला गेली. पुढच्या वर्षी मदतीचं जहाज बर्फामुळे पोहोचलंच नाही. जानेवारी 1923 मध्ये तिघे मदत आणायला बर्फावरून निघाले, ते कायमचेच बेपत्ता. चौथा, लॉर्न नाइट, स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने) अंथरुणाला खिळलेला. त्याची शुश्रूषा करता करता ती कोल्ह्यांसाठी सापळे लावायला शिकली. जूनमध्ये तोही गेला. मग ऑगस्टमध्ये जहाज येईपर्यंत ती आणि व्हिक नावाची मांजर, दोघीच! बंदूक चालवायलाही ती तिथेच शिकली. कौतुक मात्र मोहीम आखणाऱ्याच्या वाट्याला जास्त आलं, याचा मला फार राग येतो.

तिची डायरी अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. त्या भागात राहणारं कुणी आहे का? बाहेरच्या माणसाला पानांच्या प्रती मिळतात का, एवढं विचारून सांगाल? शिवाय कातडी कपड्यांची शिवण जवळून पाहिलेलं कुणी असेल तर टाके कसे घालतात तेही कळवा, प्लीज.