नागिणीची आग थांबली, आता गॅबापेन्टिन बंद करू का?

रानजाई:
मला 19व्या वर्षापासून फिट्स येतात. लेव्हेटिरासिटॅम चालू आहे, दोन वर्षांत एकही फिट नाही. मध्यंतरी डाव्या बरगडीवर नागीण उठली. पुरळ सुकलं, पण आग राहिली. कपडा नुसता टेकला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. न्यूरॉलॉजिस्टनी गॅबापेन्टिन दिलं, 100 मिलिग्रॅमपासून चढवत 300, दिवसातून तीनदा. पाच महिने झाले. परवा पहाटे जाग आली तर मी चक्क डाव्या कुशीवर! रडूच आलं.

पण दिवसभर डोकं जड असतं, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, बोलता बोलता शब्द सापडत नाही. चार दिवस दुपारची गोळी घेतलेली नाही. दुखत नाही, फिटसाठी वेगळी गोळी आहेच, मग उरलेल्याही सोडल्या तर? पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे.

उंबरठा:
ताई, कृपा करून मनाने बंद करू नका. माझ्या भावाला फिट्सही आहेत आणि मधुमेहामुळे तळपायांची आगही. आग कमी झाली म्हणून त्याने हीच गोळी एका दिवसात सोडली. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये पडला, कपाळाला पाच टाके. आम्हालाही वाटलं होतं, ही तर पायांची गोळी. पण मुळात ते फिटचंच औषध आहे, अचानक काढलं तर झटका उसळू शकतो. उतरवायचं तरी निदान आठवडाभर घेऊन, हळूहळू, आणि डॉक्टर सांगतील तसंच. तीन आठवडे थांबू नका, आजच फोन करा.

खलबत्ता:
मी फार्मासिस्ट आहे. गॅबापेन्टिन शरीरात 5 ते 7 तासांत निम्मं होतं, म्हणून तीन वेळा देतात. दोन डोसांत 12 तासांहून जास्त खंड पडू देऊ नये. राहिलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घेऊ नका. दुसरं म्हणजे ही गोळी आणि लेव्हेटिरासिटॅम, दोन्ही मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर जातात. डोकं जड राहतंय तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) कधी तपासलं होतं, ते डॉक्टरांना विचारा. कधी कधी गोळी नको नसते, डोस जास्त असतो. ॲसिडिटीचं पातळ औषध घेता का? ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं असेल तर त्यानंतर दोन तासांनी गॅबापेन्टिन घ्या, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. झोपेची गोळी किंवा अफूवर्गातलं वेदनाशामक चालू असेल तर तेही सांगा, एकत्र घेतल्याने श्वास मंदावू शकतो.

रानजाई:
फोन केला. डॉक्टर रागावले नाहीत, पण चार दिवसांचं ऐकून थोडा वेळ गप्प झाले. उद्या क्रिएटिनिन. तोवर दुपारी 100, सकाळ-रात्र आहे तसंच. रिपोर्ट बघून ते पुढचं ठरवणार. ॲसिडिटीचं औषध मी रोज रात्री गोळीबरोबरच घेत होते, हे त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं. दुपारच्या चार गोळ्या डबीत तशाच आहेत, भेटीला जाताना बरोबर नेणार आहे.

उंबरठा:
बरं केलंत. रिपोर्ट आला की नक्की कळवा.