मदत हवी आहे: भाऊ स्वॅब घेऊ देत नाही, कोविडची टेस्ट कशी करू?

रानजाई (१२ जानेवारी २०२२)
भावाला सांभाळणाऱ्या मावशी परवा पॉझिटिव्ह आल्या. घरी सॅम्पल घ्यायला मुलगा आला होता, काडी बघून भावाने आरडाओरडा केला तर तो म्हणे धरायला दोघं असतील तेव्हा बोलवा आणि गेला निघून. धरून वगैरे मला करायचं नाहीये. लवकर सांगा प्लीज

चहाबाज
भाऊ केवढा? त्याला आहे काय नक्की? लक्षणं? गाव कुठलं?

वऱ्हाडी ठेचा
आमच्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेची गुळणीवाली टेस्ट करा ना! ट्यूबमधल्या सलाइनने १५ सेकंद गुळण्या आणि त्यातच थुंकायचं, सरकारच्या आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधन परिषदेने) गेल्या मे मध्येच मान्य केलीये.

रानजाई
ऑटिझम, २६ वर्षं, पुणे. गुळण्या जमत नाहीत, गिळून टाकतो.

वऱ्हाडी ठेचा
शिकवा की मग

लेकीची आई
शिकवा म्हणे! साधी चूळ भरायला शिकवण्यात आमची वर्षं गेलीत भाऊ. रानजाई, मेडिकलमधून सेल्फ टेस्ट किट आण, कोव्हिसेल्फ २५० ला आहे, काडी २ ते ४ सेंमीच आत जाते. आधी तुझ्या नाकात घालून दाखव, मग त्याच्या हातात दे. दोन्हीकडे ५-५ वेळा फिरवायची. १५ मिनिटांत कळतं, २० नंतर उमटलेली रेघ धरू नकोस.

सदाशिव
तुळस, आलं, मिरीचा काढा द्या. टेस्ट वगैरे सगळा धंदा आहे.

मायक्रोस्कोप
काका, प्रश्न टेस्टचा आहे. किट पॉझिटिव्ह आलं तर परत टेस्ट नको, पण लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर लॅबमधली आरटीपीसीआर टेस्ट लागेलच. लक्षणं नसतील तर परवाच्या आयसीएमआरच्या सूचनेप्रमाणे संपर्कातल्यांची टेस्टच नको, वय ६० च्या पुढे किंवा डायबेटिस वगैरे असेल तरच.

लेकीची आई
कागदावर ठीक आहे हो. ज्याला घसा दुखतोय हे सांगताच येत नाही त्याची लक्षणं तुम्ही कशी मोजणार?

रानजाई
काल रात्रीपासून जेवत नाहीये, कान दाबून बसतो. ताप ९९.८

मायक्रोस्कोप
अहो हे आधी सांगायचं! ऑक्सिमीटर लावू देतो का? तासाभरात तीनदा बघून ९३ किंवा खालीच येत असेल तर टेस्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन. आणि मावशींच्या संपर्कात तुम्हीही होतात ना, तुमची केलीत का?

रानजाई
नाही. मी पॉझिटिव्ह आले तर त्याला बघणार कोण, आई ७१ ची आहे

चहाबाज
मग आईंना आधी वेगळ्या खोलीत ठेव, त्यांची टेस्ट तर नियमातच बसते. किट तीन आण.

पाटीलवाडा
दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डावर रेल्वेत सवलत मिळते का?

लेकीची आई
नवा धागा काढा हो.